देवाला चालंल, मना नाय

या, अशा जवळ येऊन बसा. आणि तुमच्या घरी पाहुणी आले म्हणून तो पेला माझ्या तोंडाशी धरू नका, समोर ठेवा. एवढं वय झालं तरी तुम्हा लोकांना अक्कल कशी येत नाही हो? घरातलं माणूस आजारी पडलं की तुम्ही प्रेमाने त्याचे हातपायच काढून घेता. भरवता काय, वेणी घालता काय, पायात चपला सारता काय! हॉस्पिटलात माझ्या वॉर्डात होती त्या मावशीने तुम्हाला बघितलं असतं तर दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली असती आणि म्हणाली असती, "मी हाय इथं. तुमी करा."

हे तिचं रोजचं वाक्य. शाळेत कवायतीला विश्राम म्हटल्यावर मुलं उभी राहतात ना, तशी ती उभी राहायची. काळी, सडपातळ, डोक्याला तेल चोपडलेलं, गळ्यात हॉस्पिटलचं ओळखपत्र. ते कायम उलटं फिरलेलं.

आमची गाठ पडली ती माझी उजवी बाजू गेली तेव्हा. सकाळी वाडीत सोनचाफ्याची फुलं काढत होते. हातातली परडी गळाली. उचलायला वाकले, तर हात माझा नाहीच, कुणा दुसऱ्याचा खांद्याला लटकवल्यासारखा. शेजारणीने बघितलं म्हणून वेळेवर दवाखान्यात पोचले. तिथे दहा दिवस. मग डॉक्टर मुलाला म्हणाले, जीव वाचलाय, आता यांना पुनर्वसन रुग्णालयात न्या.

आता पुनर्वसन हा शब्द आपल्या पालघर जिल्ह्यात कशाला वापरतात ते तुम्हाला ठाऊक आहे. धरण येतं, रस्ता येतो, लोकांची घरं जातात आणि मग सरकार त्यांचं कुठेतरी पुनर्वसन करतं. मी खाटेवर पडल्या पडल्या ऐकलं. म्हटलं, झालं. आपलं घर गेलं. मुलाचा आचोळ्याला चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, सून चांगली आहे. मालक गेल्यापासून दोघं मागे लागलेली, इकडे ये म्हणून. आणि मी ओट्याच्या तीन पायऱ्यांवर बसून चाफ्याला पाणी घालणारी बाई. बोलायला जीभ जड झाली होती, नाहीतर तिथेच भांडले असते.

हॉस्पिटल म्हणजे पडून राहायचं, अशी माझी समजूत. मुलानेही चार नवे गाऊन आणले होते. तिथल्या सिस्टरने ते परत पाठवले. म्हणाली, घरी घालतात ते कपडे आणा, पुढून बटणं असलेले, आणि मागे पट्टा असलेली चप्पल आणा, सपाता नकोत. खाटेच्या उशाला फळा, त्यावर वेळापत्रक. नऊला पायांचा व्यायाम, अकराला हातांचा, जेवण, विश्रांती, पुन्हा तीनला व्यायाम. जिभेसाठी एक वेगळी मुलगी यायची, ती माझ्याकडून 'टोपलीत टोमॅटो' वदवून घ्यायची. सातवी झाल्यावर शाळा सुटली होती माझी, ती अशी परत भरली.

पहिल्याच सकाळी मावशी आली. मी घरून आणलेला बटणांचा गाऊन पुढे केला आणि वाट बघत बसले. ती हात मागे बांधून उभी. मी खुणेने म्हटलं, घाल. ती म्हणाली, आधी लुळा हात बाहीत घाला, मग चांगला. एवढंच, हात मागेच. पाऊण तास गेला म्हणा ना. घाम फुटला. सहा बटणं लावली आणि मान वर केली, तर ती शांतपणे म्हणाली, "वरचं खाली गेलंय. परत."

मी तिची तक्रार केली. हो, केली, खोटं कशाला बोलू? सिस्टरला म्हटलं, ही बाई आळशी आहे, उद्धट आहे, दुसरी द्या. सिस्टर हसली. म्हणाली, आजी, इथे मदत न करणं हेच काम आहे, आणि ते सगळ्यात कठीण काम आहे. पायांचे व्यायाम घेणारी थेरपिस्ट मुलगी होती, आमच्या नातीच्या वयाची. ती मला म्हणाली, मावशीच्या हातांकडे बघू नका, पायांकडे बघा.

मग मी बघितलं. हात मागे, पण एक पाऊल कायम पुढे टाकलेलं, माझ्यापासून हातभर अंतरावर. मी डावीकडे कलले की ते पाऊल डावीकडे. पाण्याची बाटली, चष्मा, कंगवा, सगळं मुद्दाम माझ्या लुळ्या बाजूला ठेवायची, म्हणजे तिकडे वळावं लागे. बोलवायची घंटी मात्र चांगल्या हाताशी. "घंटीची मस्करी नाय करायची," म्हणायची. न विचारता उठून बाथरूमला जायचं नाही, हा एकच नियम तिने मला दरडावून सांगितला. बाकी दरडावणं नाही, लाडही नाहीत.

जेवणाआधी मी क्रुसाची खूण करायचे ती डाव्या हाताने. काय करणार, उजवा मांडीवर पडलेला. मनाला टोचायचं. एके दिवशी आमचे फादर आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, द्यायला आले, तेव्हा त्यांना विचारलं. ते म्हणाले, देव अंतःकरण बघतो, हात बघत नाही, निश्चिंत राहा. किती बरं वाटलं मला! मावशी तिथेच जगमध्ये पाणी भरत होती. फादर गेल्यावर जग ठेवला आणि म्हणाली, "देवाला चालंल, मना नाय चालनार." मना म्हणजे मला, तिच्या बोलीत.

त्या दिवसापासून नवीनच व्यायाम सुरू झाला. डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरायचं आणि वर न्यायचं. आता बघा, 'पित्याच्या' म्हणताना हात कपाळाला लागायला हवा, 'पुत्राच्या' म्हणताना छातीला, 'पवित्र आत्म्याच्या' म्हणताना दोन्ही खांद्यांना. माझा पिता गळपट्टीपाशीच अडकायचा. आठवडाभराने हनुवटीला आला. मावशी जूचंद्रची, हिंदू, देवळात जाणारी, पण तिला सगळा हिशेब पाठ झाला. ताट ठेवताना विचारायची, "आज बाप कुठवर आला?" एकदा म्हणाली, आत्मा दोन्ही खांद्यांवर कसा काय, एकावर बसवला तर चालत नाय का? मी हसले ती इतकी हसले की तोंडातलं पाणी गाऊनवर सांडलं. आजारपणानंतरचं पहिलं हसू ते. हातांच्या थेरपिस्टने हे ऐकलं आणि माझ्या फाइलीत लिहून टाकलं, खांद्याचा व्यायाम, दिवसातून सहा वेळा, जेवणाआधी व नंतर.

तिसऱ्या आठवड्यात बैठक झाली. अशी बैठक तिथे सगळ्यांचीच होते. डॉक्टर, थेरपिस्ट मुली, सिस्टर, घरचं माणूस आणि स्वतः पेशंट. डॉक्टरांनी मुलाच्या आधी मला विचारलं, तुम्हाला काय करायचंय? मी म्हटलं, माझ्या घरी राहायचंय. एकटी? एकटी. डॉक्टर म्हणाले, ठीक. मग तीन गोष्टी जमायला हव्यात. खाटेवरून उठून बाथरूमला जाऊन एकटीने परत यायचं. तीन पायऱ्या चढायच्या, उतरायच्या. आणि गॅसपाशी उभं राहून स्वतःचा चहा करायचा, न भाजता. तीन आठवडे आहेत. नाही जमलं तर मुलाकडे राहायचं, त्यात कमीपणा नाही.

मुलगा म्हणाला, खोली तयारच आहे, आई. त्याने ते मायेनेच म्हटलं. पण मला आपलं पुनर्वसन ऐकू आलं.

आता एक सांगते, तुमच्या घरचं कुणी तिथे जाणार असेल तर लक्षात ठेवा. रोज थोडं थोडं बरं होतं, असं नसतं. एक आठवडा मी लाकडी जिन्याच्या दोन पायऱ्या चढले. पुढचा आठवडा काहीच नाही. उलट आधीचंही जाईना झालं. पाय थरथरायचा. थेरपिस्ट म्हणाली, असं होतं, शरीर थकतं. मला वाटलं ती खोटं बोलतेय. सकाळी मी भिंतीकडे तोंड करून पडले आणि म्हटलं, नाही उठणार. जाते आचोळ्याला. सांगा मुलाला.

मावशी आली. हात मागेच. पण या वेळी 'तुमी करा' म्हणाली नाही. स्टूल ओढून बसली आणि मला म्हणाली, "बाय, माज्या मानसाला असाच झालेला."

तिचा नवरा मिठागरात कामाला होता. त्याचीही उजवीच बाजू गेली होती. तेव्हा असं हॉस्पिटल त्यांना कुठलं माहीत असायला. ती भरवायची, पुसायची, कूस बदलायची, शेजारच्या बायका येऊन म्हणायच्या, अशी सेवा कुणी केली नसेल. तो उठायला बघायचा तर ही धावायची, पडशील म्हणून. पाच वर्षं तो तसाच खाटेवर राहिला, आणि गेला. मग तिला इथे काम लागलं. पहिल्याच आठवड्यात तिने त्याच्यासारखाच एक माणूस काठी धरून चालत जाताना बघितला.

"मायेनं बसवला मी त्याला," ती म्हणाली. "माजं हात आपसूक पुढं जातात. म्हनून मागं बांधते."

मी थेरपिस्टला नंतर विचारलं. ती म्हणाली, प्रत्येकाचा झटका वेगळा असतो, तो कदाचित उठलाही नसता, मावशींनी स्वतःला दोष देऊ नये. मी हे मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "पोरगी चांगली हाय, म्हनून तसा बोलते." आणि चादर झटकायला लागली.

त्या दिवशी मी उठले. माझ्यासाठी उठले की तिच्यासाठी, ते मला अजून सांगता येत नाही.

घरी सोडायच्या आधी घरच्या माणसालाही एक दिवस शिकवायला बोलावतात. मुलगा रजा काढून आला. बाथरूमला जाऊन आलेलं त्याने बघितलं. तीन पायऱ्या मी चढले, उतरताना दुसरीवर थांबले, मग उतरले. राहिला चहा. तिथे एक छोटं स्वयंपाकघरच आहे, खरा गॅस, खरी भांडी. मी चार पायांची काठी ओट्याला टेकवली. पातेलं ठेवलं. लायटर उजव्या हातात धरला, डाव्याने आधार दिला. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा पेटला. दूध ओतताना ओट्यावर सांडलं आणि मुलगा पुढे झेपावला.

मावशी मध्ये आली. त्याच्याहून निम्म्या उंचीची बाई. "भाऊ, हात मागं घे," म्हणाली. "तुला बघवत नाय, ठावं हाय मना. तरी बघ."

आणि माझा पन्नाशीचा मुलगा, ऑफिसात चाळीस माणसांचा साहेब, हात मागे बांधून उभा राहिला. त्याचे डोळे भरलेले मला दिसत होते, पण माझं लक्ष उतू जाणाऱ्या चहाकडे होतं. गाळला. पेला त्याच्याकडे सरकवला. त्याने घोट घेतला आणि म्हणाला, "साखर विसरलीस, आई."

दोन महिन्यांत माझ्यात खोट काढलेली ती पहिली वेळ. तोवर मी जे करीन ते छानच म्हणत होता, लहान मुलाला म्हणतात तसं. मी म्हटलं, मग घाल की तुझी तू. सगळे हसले. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, स्वतःच्या घरी.

ज्या दिवशी निघाले त्या दिवशी मावशीची पाळी नव्हती. पुढच्या महिन्यात तपासणीला गेले तेव्हा तिच्यासाठी वाडीतल्या केळ्यांची फणी आणि चाफ्याची फुलं नेली. वॉर्डात सांगितलं, मावशींना बोलवा. सिस्टर नवीन होती. म्हणाली, कुठल्या मावशी? इथे सगळ्याच मावशी. नाव काय त्यांचं?

बघा, सहा आठवडे त्या बाईने माझ्या बापाला कपाळापर्यंत पोचवलं, आणि मी तिला नाव विचारलं नव्हतं. ओळखपत्र उलटं होतं, तर हात लावून सरळ करायचं. तेवढं कुणीही केलं असतं. तिच्या नवऱ्याचं सगळं दुखणं ऐकलं, पण तिचं नाव नाही. नंतर कळलं की कामगार पुरवणारा ठेकेदार बदलला, जुन्या बायका गेल्या. मुलगा रविवारी जूचंद्रला जाऊन विचारून आला. हॉस्पिटलात कामाला जाणारी मावशी म्हटल्यावर दोन घरांतून दोन बायका बाहेर आल्या. दोघीही ती नव्हेत. एकजण म्हणाली, लेकीकडे राहायला गेलेली एक आहे, पण कुठे ते ठाऊक नाही. केळी आम्ही वॉर्डातल्या बाकीच्या मावशींना वाटली. प्रत्येकीला नाव विचारून.

मी पूर्वीसारखी झाले, असं समजू नका. उजव्या हाताने सुई ओवता येत नाही. पावसात पाय जड होतो. बाथरूमला दांड्या बसवल्यात, मुलगा बुधवारी आणि रविवारी येतो, व्यायाम रोज दोनदा. पण घर माझं आहे आणि मी त्यात आहे.

तेव्हा आता तुम्ही माझ्या घरी या हो. फोनवर नुसतं 'कशा आहात' विचारून भागत नाही. राजोडीच्या रस्त्याला लागलात की कुणालाही विचारा. येत्या पंधरवड्यातच या, उन्हं कडक व्हायच्या आत. बेल एकदाच वाजवा. शेजारणीकडे किल्ली असते, ती मागायला जाऊ नका. मला यायला वेळ लागेल, काठीचा आवाज येईल, तोवर ओट्यावर थांबा. दार मी उघडते.