राधाकिसनचं रडतं मशीन

राधाकिसनच्या सिंथेसायझरला हसनाबादेत सगळे कॅसिओच म्हणत. पहिली काही वर्षं तो चिडून फरक समजावून सांगायचा. मग दगडावर डोकं किती आपटायचं म्हणून गप्प बसला. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात लोकांच्या फर्माईशी वाजवायच्या आणि घरी आल्यावर जुन्या कॉम्प्युटरला वायर जोडून मनात येईल ते, असा त्याचा शिरस्ता. बायको प्रभावती म्हणायची, "ह्याला ना बोल ना ताल. कशाला लाइटीचं मीटर फिरवून राह्यले?"

मनातलं वाजवायची ही खोड त्यानं आईकडून, झुंबरबाईकडून, उचलली होती. गावात मयत झाली की झुंबरबाईला बोलावणं यायचं. मेलेल्याचा एकेक गुण काढून, जागच्या जागी शब्द जुळवून ती अशी रडायची, की दुश्मनाच्याही डोळ्याला धार लागावी. २००२च्या उन्हाळ्यात तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर झाले, देवऋषी झाला. सात महिने म्हातारी खाटेवर छताकडे बघत पडलेली. हूं नाही की चूं नाही. आईनं एकदा, फक्त एकदा, काहीतरी खूण द्यावी, एवढाच ध्यास राधाकिसनला लागला होता.

त्यानं ठरवलं, तिचाच सूर तिला ऐकवायचा. सिंथेसायझरच्या डाव्या अंगाला एक चाक असतं. ते फिरवलं की सूर वाकतो. सारंगी, बासरी आणि बाईचा गळा असे तीन आवाज कॉम्प्युटरवर एकत्र करून तो तिच्या खाटेशेजारी बसायचा. महिनाभर सूर नुसता वाकायचा, रडायचा नाही. मग एका सकाळी जमलं. हुंदका कुठं अडकतो, श्वास कुठं तुटतो, सगळं हाताला आपसूक सापडत गेलं. त्याला स्वतःलाच रडू कोसळलं. आयुष्यात इतकं चांगलं त्यानं कधी वाजवलं नव्हतं.

गल्लीला वाटलं, म्हातारी गेली. शेजारची चतुराबाई पिठाच्या हातानं धावली, मागे आठ-दहा बायका. "गावाला रडवत व्हतीस गं माय, आता तुला कोण रडंल!" असा हंबरडा फोडत ती प्रभावतीच्या गळ्यात पडली. प्रभावती परसात भांडी घासत होती. तिला काय ठाऊक? आत नवरा रडतोय म्हणजे आटोपलंच, असं धरून तिनंही गळा काढला. अख्खा घोळका रडत खोलीत शिरला.

राधाकिसननं डोळे उघडले. झुंबरबाई एकेका तोंडाकडे टक लावून बघत होती.

"अगं बया, जित्ती हाय!" चतुराबाईनं जीभ चावली. बायका पदरात तोंड लपवून निघून गेल्या. कुणीतरी अंगणात हसलंसुद्धा.

"माय, ऐकलं का? तुझंच व्हतं," राधाकिसन म्हणाला.

तिचा डावा हात हलला. सात महिन्यांत तो हात तिनं आपणहून उचलला नव्हता. हात खाटेच्या कडेनं सरकत गेला, भिंतीवरच्या बोर्डापर्यंत पोचला आणि तिनं पिन उपसून टाकली. कॉम्प्युटर बंद पडला. वाजवलेलं साठवायचं राहिलं होतं, तेही गेलं.

आईला बरं करायला निघालो आणि तिला तिचीच मयत दाखवून बसलो, हे राधाकिसनला तेव्हा कळलं. झुंबरबाईनं तोंड भिंतीकडे वळवलं. पुढे ती चार महिने जगली. घास प्रभावतीच्या हातून घ्यायची, त्याच्या हातून एकही घेतला नाही.