आकाशपाळण्यावरची आत्या

खोटं कशाला बोलू? ती आली तेव्हा मला ती नकोच होती.

चौदा नंबरच्या खोलीत दोन खाटा. एकीवर मी आणि दुसरीवर माझे धुतलेले कपडे, इस्त्री, छत्री आणि जुन्या मासिकांचा गठ्ठा. सहा हंगाम असंच सुखानं चाललं होतं. आमच्या पार्कचा हंगाम म्हणजे शाळांच्या सुट्टीचे तीन महिने. तेवढ्यासाठी नवी माणसं भरतात आणि मागच्या कुंपणालगतच्या बैठ्या खोल्यांमध्ये त्यांची राहायची सोय करतात. आम्ही जुनी चार डोकी वर्षभर तिथेच असतो, रंगकाम, तेलपाणी बघायला. मी हंगामात तिकिटाच्या खिडकीवर बसते. दिवसभर माणसांची तोंडं बघून असा वीट येतो की संध्याकाळी आरशातलं स्वतःचंही नको वाटतं. त्यात सातव्या हंगामाच्या पहिल्याच सकाळी दारावर टकटक.

"येऊ का हो?"

दार सताड उघडं. खोलीची किल्ली बाईच्या हातात. तरी विचारतेय!

"या की. सरकारी कचेरी आहे का ही?" मी म्हटलं.

पन्नाशी ओलांडलेली, बारीक चणीची, डोक्याला चापून तेल. एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात पिशवी. मागून तिचा धाकटा भाऊ गाडीची किल्ली फिरवत आला. त्यानं खोलीवरून नजर फिरवली, माझ्यावरूनही फिरवली, आणि दोन्ही त्याला पसंत पडलं नाही.

"ताई, पंधरा दिवसांनी न्यायला येतो," तो म्हणाला. "तोवर हौस फिटेल तुझी."

मी मनात म्हटलं, तुझ्या तोंडात साखर पडो बाबा.

पंधरा दिवसांचं कारण असं की नव्या माणसाला आमच्याकडे पंधरा दिवसांची परीक्षा असते. पास झालं तर हंगामभर काम, आणि माणूस बरा निघाला तर पुढेही खोली राहते. नापास झालं तर त्याच संध्याकाळी किल्ली परत. मी माझे कपडे खाटेवरून उचलले खरे, पण घडी घालून ट्रंकेत ठेवले नाहीत. म्हटलं, पुन्हा तिथेच यायचेत.

तिची कहाणी मला दोन दिवसांत कळली, कारण विचारलं की ती सगळं सांगायची. तीन धाकटे भाऊ. आईच्या आजारपणात हिचं लग्न राहिलं, मग भावांची लग्नं झाली, मग त्यांची मुलं. चार महिने थोरल्याकडे, चार मधल्याकडे, चार धाकट्याकडे. बाळंतपण आलं की धावाधाव, "ताईला पाठवा, ताईला पाठवा!" आणि एरवी, "ताईची पाळी कुणाची?" पेपरात जाहिरात आली, 'हंगामी कर्मचारी पाहिजेत, राहण्याची सोय.' बाईंनी वाचले ते शेवटचेच दोन शब्द. अर्जात अनुभवाच्या रकान्यात लिहिलं, 'सात मुलं सांभाळली, त्यांतलं एकही माझं नाही.' कचेरीतल्या कारकुनानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि तिला आकाशपाळण्यावर टाकलं. आठवड्याच्या आत अख्खा पार्क तिला आत्या म्हणायला लागला. मी तिच्याहून जेमतेम सहा वर्षांनी लहान, तरी मीही म्हणायला लागले. जिभेला वळणच तसं पडलं.

आता आकाशपाळण्याचं सांगते, कारण सगळा घोळ तिथेच झाला.

पाळण्याचं यंत्र चालवतो तो आमचा कानसेन. खरं नाव तोही विसरला असेल. ऐकू कमी येतं म्हणून कानसेन. त्याची केबिन यंत्राच्या मागे, तिथून चौथरा दिसत नाही. चौथऱ्यावरच्या माणसानं लोकांना पाळण्यात बसवायचं, आडवा दांडा लावायचा आणि हातातल्या वायरलेसवर कानसेनला सांगायचं. हा वायरलेस म्हणजे महाभाग. आधीचे शब्द गिळतो आणि शेपूट तेवढं पुढे पाठवतो. म्हणून वर्षानुवर्षांचा नियम असा की सोडायचं असेल तर 'हो', थांबवायचं असेल तर 'बस', आणि कानसेननं शेवटचा शब्द धरायचा. इतका सोपा नियम की आजवर कुणी चुकलं नव्हतं.

पण आत्याचं प्रत्येक वाक्य 'हो'नं संपतं! काय हो, कुठे हो, जरा सरकता का हो. आयुष्यभर दुसऱ्याच्या घरात राहिलेली बाई. साधं पाणी मागायचं तरी आर्जवाचं शेपूट लावल्याशिवाय तिला मागता येत नाही. आणि वायरलेस तर असा घट्ट धरायची, जसं काही कुणी हिसकावूनच नेणार आहे. त्यामुळे बटण कायम दाबलेलं.

पहिल्या दिवशी एक कुटुंब चढायला उभं होतं. "आधी आजोबांना चढू द्या हो," आत्या म्हणाली. पाळणा निघाला. आजोबा खाली राहिले, त्यांची काठी वर गेली. आजोबा म्हणाले, "बरं झालं, मला भीतीच वाटत होती." निभावलं. दुसऱ्या दिवशी, "सावकाश हो," की पाळणा चालू. तिसऱ्या दिवशी तर एका बाईंनी "तुम्ही इथे नव्या का?" एवढंच विचारलं. आत्या लाजून म्हणाली, "हो."

मी खिडकीतून सगळं बघत होते. पाळणा माझ्या बरोबर समोर. हसून हसून माझ्या हातून सुटे पैसे सांडायचे. आणि मनात दिवस मोजत होते. सहा झाले. नऊ राहिले.

बाराव्या दिवशी मात्र कहर झाला. एक भारदस्त बाई आणि त्यांचा काटकुळा नवरा आले. बाई पाळण्यात बसल्या, दांडा लागला, नवऱ्यानं एक पाय उचलला. आत्या त्याला म्हणाली, "पिशवी आधी द्या हो." झालं! बाई एकट्या आभाळात. नवरा पिशवी पोटाशी धरून खाली.

"बस हो!" आत्या वायरलेसवर ओरडली. "अहो बस हो, बस हो!"

कानसेन बिचारा 'बस' ऐकून हात आवरायचा आणि 'हो' ऐकून पुन्हा यंत्राचा दांडा ओढायचा. पाळणा गचके देत फिरायला लागला. बाई वरून नवऱ्याचा उद्धार करत होत्या; जवळ आल्या की शब्द कळायचे, लांब गेल्या की नुसता सूर. नवऱ्यानं चौथऱ्याच्या पायरीवर बसकण मारली, पिशवीतून चण्यांची पुडी काढली आणि आत्याला म्हणाला, "फिरू द्या हो. घाई कुणाला आहे?" त्याचाही 'हो' वायरलेसनं इमानेइतबारे पोचवला. सात फेऱ्या झाल्या. आठव्या वेळी मी खिडकी बंद करून पळत गेले आणि केबिनच्या दारावर थापा मारल्या, तेव्हा कुठे पाळणा थांबला. बाई उतरल्या त्या थेट तक्रारवही मागत. दोन पानं भरून लिहिलं त्यांनी.

दुपारी जेवायला खोलीत गेले तर आत्या खाटेवर बसलेली, अंग चोरून. ट्रंक उघडी होती. आत सगळे कपडे जसेच्या तसे, काठाला काठ लावून रचलेले. कपाटातला तिचा कप्पा बघितला, तर रिकामा. बारा दिवस बाई ट्रंकेतून साडी काढत होती आणि घडी घालून परत ट्रंकेतच ठेवत होती.

"कप्पा दिलाय ना तुम्हाला?" मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"पंधरा दिवस होऊ देत गं. पसरून ठेवलं की निघताना आवरायला वेळ लागतो. तिघांकडेही मी ट्रंकच वापरते." मग हळूच म्हणाली, "मला इथं राहायचं होतं गं. फार राहायचं होतं."

मला असा राग आला म्हणून सांगू! तिचा आला, भावांचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझा आला, कारण माझे घडी न घातलेले कपडे समोरच खुंटीवर लोंबत होते. मी ताटातलं न संपवताच उठले.

चौकशी चार वाजता. साहेबांना आम्ही शिट्टीसाहेब म्हणतो, कारण गळ्यात कायम शिट्टी. अंघोळीला जातानाही काढत नसावेत. टेबलाच्या एका बाजूला कानसेन, दुसऱ्या बाजूला आत्या, आणि साक्षीदार मी.

"पिशवी घेताना तुम्ही 'हो' म्हणालात का?" साहेबांनी विचारलं.

"नाही हो."

"म्हणजे म्हणालात?"

"नाही हो, साहेब."

"बाई, एकच काय ते सांगा. हो की नाही?"

"तुम्ही म्हणाल ते हो."

कानसेनला एवढाच शेवटचा शब्द ऐकू आला आणि त्यानं सवयीनं समोरचा टेबलाचा ड्रॉवर खसकन ओढला. साहेबांचा चष्मा आणि टाचण्यांची डबी जमिनीवर. साहेबांनी कपाळाला हात लावला आणि माझ्याकडे वळले. "तुम्ही सात हंगामांच्या जुन्या. तुम्हीच सांगा, हे काम यांना झेपेल का?"

एका शब्दाचं काम होतं. खाट मोकळी, खोली मोकळी. मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"झेपेल. बारा दिवसांत एकाही पाळण्याचा दांडा यांनी सैल ठेवलेला नाही, मी खिडकीतून बघते. गेल्या वर्षीचा तो पैलवान अर्धे दांडे विसरायचा, त्याला तुम्ही बक्षीस दिलंत. बाई चुकीची नाही साहेब, शब्द चुकीचा आहे. आपल्या भाषेत 'हो' कुठेही येतो. उद्या मी तिथे उभी राहिले तर मीसुद्धा चुकेन. शब्दच काढून टाका."

"मग काय देऊ? घंटा?"

"शिट्टी द्या," मी म्हटलं. "एक वाजली की सोड, दोन वाजल्या की थांब. कानसेनलाही ऐकू येईल."

साहेबांचा हात आपोआप गळ्याकडे गेला. "माझी?"

"दुसरी कुणाकडे आहे?"

एखाद्याचं मूल दत्तक मागावं तसा चेहरा झाला त्यांचा. पण तक्रारवही समोर उघडी होती. त्यांनी शिट्टी काढली, दोनदा रुमालानं पुसली आणि आत्याच्या ओंजळीत ठेवली. वर म्हणाले, "पंधराव्या दिवशी बघू. तोवर एकही चूक नको."

पहिल्यांदा वाजवली तेव्हा नुसती फुस्स हवा आली. दुसऱ्यांदा जी वाजली, ती ऐकून होडीवाल्यानं होडी थांबवली आणि भुताच्या बंगल्यातलं भूत बाहेर येऊन विचारायला लागलं, काय झालं! सात पोरं ओरडून जेवायला बोलावलेली छाती ती, तिच्यात दम होताच. फक्त आजवर तो 'हो'मध्ये वाया जात होता. तीन दिवस पाळणा घड्याळासारखा चालला. आत्या चौथऱ्यावर ताठ उभी राहायला लागली. एका दांडगटानं रांग मोडली, तर तोंडानं काही न बोलता तिनं त्याच्या कानाशी शिट्टी वाजवली. तो शेवटी जाऊन उभा राहिला.

पंधराव्या दिवशी निकाल संध्याकाळी पाचला होता. धाकटा भाऊ चारलाच हजर. रांगेतून तिकीट न काढता थेट चौथऱ्यावर.

"ताई, ट्रंक भरली का? थोरल्या वहिनीचे गुडघे धरलेत. तुझी वाटच बघतायत सगळे. माडीवरची अडगळ काढून तुझी सोय केलीय."

आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. मी खिडकीतून मान लांब करून बघत होते. गिऱ्हाईक ओरडत होतं, त्याला म्हटलं, गप उभा राहा. तिची 'पाळी' आली होती आणि न्यायला माणूस आला होता. अशा वेळी ती आजवर कधी मागे राहिली नव्हती. तिनं ट्रंक उचलली असती तर मला नवल वाटलं नसतं, आणि मी तिला कधी माफही केलं नसतं.

तेवढ्यात शिट्टीसाहेब कागद घेऊन आले. तासभर आधीच. "आत्या, सही करा. पास. हंगाम संपल्यावर तेलपाण्यालाही राहा. आणि शिट्टी..." ते अडखळले, "राहू द्या तुमच्याकडेच."

आत्यानं कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. या खेपेला एकही शब्द सोडला नाही. सही केली. मग भावाकडे वळली.

"वहिनीला म्हणावं, सकाळ-संध्याकाळ शेक घे. आणि घरात चार धडधाकट माणसं आहेत, कुणीतरी भांडी घासा."

"अगं पण किती दिवस? लोक काय म्हणतील? राहतेस तरी कुठे, त्या खुराड्यात?"

"खुराडं नाही ते. चौदा नंबर." तिनं पदराच्या टोकाची गाठ सोडून किल्ली काढली आणि त्याच्यासमोर धरली. "तुला दाखवली असती रे. पण माझ्या खोलीत पाहुण्यांना यायला परवानगी नाही."

माझ्या म्हणाली. आमच्या नाही, माझ्या. सहा वर्षं मी त्या खोलीत राहतेय, भिंतीचा रंगसुद्धा मी स्वतः दिलाय, आणि माझ्यादेखत ही बाई ती एकटीच्या नावावर करून मोकळी झाली. एरवी मी कुणाची अशी गय केली नसती. त्या दिवशी मी खिडकीतल्या गिऱ्हाइकाला मुकाट्यानं तिकीट दिलं, आणि त्यानं विचारलं, "बाई, रडताय का?" तर त्याच्यावरच खेकसले.