कलमाच्या गाठीखालची फांदी

वजनमापे खात्यात एकतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेल्या माणसाला जग सरळ दिसणं अवघडच. दुकानात पाऊल टाकलं की आधी काट्याखाली चुंबक आहे का पाहायचं, मग पारड्याच्या बुडाला मेण चिकटवलंय का ते बोटानं चाचपायचं, आणि एवढं करून काहीच सापडलं नाही, तर दुकानदार आपल्यापेक्षा हुशार आहे असं धरून पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं. सगळा बाजार त्यांना काटेसाहेब म्हणायचा. त्यांचं खरं आडनाव दुकानदारांना सोडाच, त्यांच्या शिपायालाही पटकन आठवायचं नाही.

निवृत्त झाल्यावर खातं सुटलं, सवय सुटली नाही. जावयानं मिठाई आणली तरी ते आधी डबा हातात तोलून बघत. बायको टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, शांत बाई. ती म्हणायची, "मी तीस वर्षं लोकांची बोलणी जोडून दिली, पण एकाचं ऐकलं नाही. तुम्ही न बोललेलंसुद्धा ऐकता."

निवृत्तीच्या महिन्यात त्यांनी मागच्या अंगणात संत्र्याचं कलम लावलं. रोपवाटिकेतल्या ताईंकडून ते आणताना पावतीवर झाडाची जात, उंची आणि तारीख लिहून घेतली होती. ताईंनी हसत हसत लिहून दिली. चौथ्या वर्षी झाडाला अकरा संत्री लागली, पाचव्या वर्षी तीसेक. मधासारखी गोड. काटेसाहेबांनी शेजारच्या चष्मेवाल्याला दरवर्षी दोन दिली, पण देताना आपण निवडलेलीच दोन त्याच्या हातात जाताहेत ना, याकडे त्यांचं लक्ष होतं.

सहाव्या वर्षी झाडानं फळ धरलं नाही. सातव्या वर्षी मात्र ते लगडलं. काटेसाहेबांची छाती फुगली. नेमके त्याच सुमाराला मुलीच्या सासरचे लोक भेटायला आले. काटेसाहेबांनी स्वतःच्या हातानं संत्री तोडली, रस काढला, पाच पेले भरले आणि व्याह्यांपुढे ठेवले.

व्याह्यांनी एक घोट घेतला आणि त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. विहीणबाईंनी पेला ओठांना लावून अलगद खाली ठेवला आणि खिडकीतल्या पडद्याचं कौतुक सुरू केलं. मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, हा लिंबाचा रस आहे का?"

पाहुणे गेल्यावर काटेसाहेबांनी एक फळ कापलं. साल जाड आणि खडबडीत, आत बियाच बिया, आणि रस असा आंबट की दात शिवशिवले. ते अंगणात गेले. झाड बघत उभे राहिले. पानांच्या बेचक्यात बोटभर लांब काटे होते. असे काटे पूर्वी होते का? त्यांना आठवेना, आणि आठवत नाही म्हटल्यावर त्यांचा संशय पक्का झाला.

"हे झाड आपलं नाही," ते बायकोला म्हणाले.

"मग कोणाचं?"

"कोणीतरी काहीतरी केलंय."

"सात वर्षांचं झाड कोणी खिशात घालून नेतं का?" बायको भांडी पुसत म्हणाली.

पण काटेसाहेबांचा हिशोब सुरू झाला होता. गेल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी दोघं दीड महिना तिच्याकडे राहिले होते. फाटकाची किल्ली कोणाकडे होती? चष्मेवाल्याकडे. झाडांना पाणी कोण घालत होतं? चष्मेवाला. आणि भिंतीला लागून त्याचं लिंबाचं झाड होतं. लिंबाचा मोहर वाऱ्यानं संत्र्यावर आला की संत्री आंबट होतात, असं त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक आंबट फळ रुमालात गुंडाळलं आणि शेजारी गेले. चष्मेवाला साठीच्या आतला, विधुर, पोटानं गोल, बोलायला मऊ. खालच्या खोलीत दुकान आणि वर घर. काटेसाहेबांनी फळ पुढे केलं. "यंदाचं. खाऊन बघा."

चष्मेवाल्यानं फोड तोंडात टाकली. चेहरा जरासा वाकडा झाला, पण त्यानं मान हलवली आणि निमूटपणे गिळली. "हं," तो म्हणाला. एवढंच.

काटेसाहेब घरी आले ते वही शोधतच. "त्याला आश्चर्य वाटलं नाही," ते बायकोला म्हणाले. "गोड फळ म्हणून दिलेलं आंबट निघालं, तर माणूस काहीतरी बोलतो. हा बोलला नाही. म्हणजे त्याला आधीच माहीत होतं."

त्या दिवसापासून ते जिन्याच्या खिडकीत बसू लागले. चष्मेवाला सकाळी किती वाजता गच्चीवर जातो, खाली येताना हातात काय असतं, लिंबाला पाणी किती घालतो, सगळं वहीत. एकदा तो एक बादली झाकून वर घेऊन गेला. काटेसाहेबांनी लिहिलं: झाकलेली बादली, कारण समजले नाही. चष्मेवाल्याची नजर वर गेली की ते झटकन मागे सरत.

मधल्या काळात त्यांनी दुसरा आरोपीही तपासला. फळं पिशवीत, पावती खिशात घेऊन ते रोपवाटिकेत गेले. ताई मातीनं माखलेल्या हातांनी वाफ्यातून उठल्या.

"तुम्ही मला संत्र्याच्या नावाखाली दुसरंच झाड दिलंत," काटेसाहेब म्हणाले आणि पावती उघडली.

ताईंनी फळ हातात घेऊन नखानं साल खरवडली आणि वास घेतला. "काका, आधी गोड फळं लागली होती ना?"

"दोन वर्षं."

"मग मी फसवलं कसं? आंब्याच्या झाडाला दोन वर्षं आंबे लागून तिसऱ्या वर्षी फणस लागतात का?" त्यांनी हात पुसले. "खोडापाशी काही कापलंत का?"

"नाही," काटेसाहेब ताडकन म्हणाले. छाटणी केली होती, पण छाटणी म्हणजे निगा. ते कापणं कसं होईल?

"शेजारच्या लिंबाचा मोहर…" त्यांनी सुरुवात केली.

"त्यानं फार तर बी बदलेल, रस नाही. मी येऊन बघते. रविवारी."

रविवार का, उद्या का नाही, हाही प्रश्न वहीत गेला.

शनिवारी सकाळी काटेसाहेब गच्चीवर पाण्याची टाकी धुवायला चढले. टाकीवरून चष्मेवाल्याची गच्ची पूर्ण दिसते, हे त्यांच्या सात वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं. कठड्याच्या आडोशाला एक निळं प्लास्टिकचं पिंप अर्धं कापून ठेवलं होतं. त्यात कमरेएवढं झाड होतं. काटा जवळजवळ नाही, पानं काळसर हिरवी, आणि त्यावर चार संत्री. पातळ सालीची, गोल, अगदी त्यांच्या पाचव्या वर्षाच्या संत्र्यांसारखी.

हातातला ब्रश टाकीत पडला. तो काढायलाही ते थांबले नाहीत.

चष्मेवाला काउंटरमागे बसून एका चष्म्याचा स्क्रू घट्ट करत होता. काटेसाहेब समोर उभे राहिले. निरीक्षकाचा तोच जुना, थंड आवाज परत आला. "वर पिंपात काय आहे?"

चष्मेवाल्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. हातातला चष्मा डबीत बंद केला. मग म्हणाला, "तुमचं संत्रं."

"म्हणजे कबूल करता?"

"कबूल काय करायचं? कधीतरी सांगणारच होतो. धीर होत नव्हता."

"माझं झाड चोरलंत आणि धीर होत नव्हता?"

"चोरलं नाही. तुम्ही टाकलेलं उचललं." चष्मेवाला उठून उभा राहिला. "मुलीकडे निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही छाटणी केली होती. फांद्या भिंतीला टेकून टाकल्या होत्या. मी दुसऱ्या दिवशी पाणी घालायला आलो आणि बघतो तर काय, चांगली फांदी कापलेली आणि नको ती ठेवलेली. मी तुम्हाला फोन केला होता, आठवतंय?"

काटेसाहेबांना फोन आठवत होता. दवाखान्याच्या जिन्यावर उभे होते ते, नातू अजून व्हायचा होता. चष्मेवाला म्हणाला होता, "साहेब, झाडाबद्दल बोलायचं होतं." आणि ते म्हणाले होते, "पाणी घाला. बाकी कशाला हात लावू नका."

"हात लावू नका म्हणालात, म्हणून झाडाला हात लावला नाही," चष्मेवाला म्हणाला. "पण टाकलेल्या फांदीच्या चार काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून नेल्या. माझ्याकडे लिंबाचं एक रोप होतं, त्यावर डोळे भरले, म्हणजे काडीवरचे कोंब सालीसकट काढून रोपाच्या सालीत बसवले. वडील करायचे हे काम, बघून शिकलोय. एक डोळा जगला. आता तुम्हाला सांगू तर तुम्ही म्हणणार, माझ्या मागे माझं झाड नेलं. मग जितके दिवस जातील तितकं सांगणं अवघड होत गेलं."

हे सगळं काटेसाहेबांना इतकं व्यवस्थित वाटलं, की त्यांचा विश्वास बसेना. चोर जेव्हा तारीखवार बोलतो तेव्हा त्यानं पाठ केलेलं असतं, हा त्यांचा अनुभव. "उद्या ताई येताहेत," ते म्हणाले. "तुम्हीही या. समोरासमोर होऊ दे."

रविवारी ताई आल्या त्या हातात छोटं खुरपं घेऊन. झाडाकडे वर त्यांनी पाहिलंच नाही. थेट बुंध्याशी बसल्या, माती आणि पालापाचोळा बाजूला केला, आणि एका जागी बोट ठेवलं. बुंध्यावर जमिनीपासून वीतभर उंचीला एक फुगीर गाठ होती. गाठीच्या वरचा भाग म्हणजे एक वाळलेला खुंट, मनगटाएवढा जाड, वरून सपाट कापलेला. आणि गाठीच्या खालून निघून ते अख्खं काटेरी झाड वर गेलं होतं.

"काका, बघा. खाली रानटी लिंबाचं रोप असतं. मुळं दणकट म्हणून ते घेतो. त्यावर गोड संत्र्याचा डोळा बसवतो. ही गाठ म्हणजे जोड. गाठीच्या वर संत्रं, खाली लिंबू. खालून कधी कधी फूट येते, ती अशी सरळ आणि जोमदार वाढते की माणसाला वाटतं, हीच खरी. वरच्याचं अन्न तीच खाते, वरची फांदी बारीक होते, शेंडे वाळतात." त्यांनी वाळलेल्या खुंटावर हात ठेवला. "ही कोणी कापली?"

चष्मेवाल्यानं काटेसाहेबांकडे पाहिलं. मागच्या दारात उभ्या असलेल्या बायकोनंही.

काटेसाहेब त्या कापाकडे बघत होते. करवतीनं घेतलेला सरळ, नीट काप. त्यांना सगळा दिवस आठवला. दारात भरलेल्या बॅगा, घाई, आणि हातात करवत. एक फांदी रोडावलेली, पिवळट. दुसरी तरतरीत. त्यांनी एका नजरेत निकाल दिला होता. कामाच्या फांदीला ठेवलं, कामचुकाराला काढलं.

"मी," ते म्हणाले. आवाज इतका लहान होता की ताईंनी वर बघितलं. "मीच कापली."

"होतं असं," ताई म्हणाल्या. "आठवड्याला एक जण तरी येतो माझ्याकडे. खालची फूट अंगठ्याएवढी असतानाच हातानं खुडली की प्रश्नच येत नाही. आता वरचं काही जिवंत नाही. जुन्या झाडाची काडी कुठं मिळाली असती तर इथंच डोळे भरता आले असते. ते काही आता…"

"मिळेल," चष्मेवाला म्हणाला.

तो गेला आणि पिंपातल्या झाडाच्या दोन काड्या घेऊन आला. ताईंनी डोळे तपासले आणि मान डोलावली. काटेरी झाडाची एक फांदी पोसायला ठेवून बाकीचं त्यांनी कापायला लावलं. महिन्यानं कोवळे धुमारे पेन्सिलीएवढे झाले, तेव्हा पुन्हा येऊन, पिंपातल्या झाडाची ताजी काडी घेऊन, तीन धुमाऱ्यांवर सालीत इंग्रजी टी-सारखी चीर दिली, डोळा सरकवला आणि प्लास्टिकच्या पट्टीनं आवळून बांधला. ते करताना काटेसाहेब बाजूला उभे होते. त्यांनी काही विचारलं नाही, हेच बायकोला विशेष वाटलं.

त्या संध्याकाळी ते चष्मेवाल्याच्या दुकानात गेले आणि खुर्चीत बसले. माफी कशी मागतात हे त्यांना माहीत नव्हतं. आयुष्यभर लोकांनीच त्यांची मागितली होती.

"मी तुमच्यावर वही लिहीत होतो," ते म्हणाले. "पंधरा दिवस."

"माहीत आहे," चष्मेवाला म्हणाला. "जिन्याच्या खिडकीत तुमचा चष्मा चमकतो. मीच बनवलाय तो."

"त्या झाकलेल्या बादलीत काय होतं?"

"शेणखत. वास येतो म्हणून झाकलेलं."

काटेसाहेबांनी मान हलवली. मग चष्मेवाल्यानं त्यांचा चष्मा मागून घेतला आणि पुसून परत दिला.

तीन डोळ्यांतले दोन जगले. तिसरा काळा पडला. तो का मेला याचा तपास काटेसाहेबांनी रोज सकाळी भिंग घेऊन चालवला, आणि एकदा बायकोनं त्यांना बुंध्याशी ओणवं होऊन गाठीखालची इवलीशी फूट चिमटीनं खुडताना बघितलं. तोंडानं ते काहीतरी पुटपुटत होते. तिसऱ्या वर्षी नऊ संत्री लागली. पहिलं फळ त्यांनी स्वतःच सोललं, फोड जिभेवर ठेवली, आणि डोळे मिटायच्या आधी क्षणभर थांबले. गोड होती.

तेव्हापासून गल्लीतले लोक त्यांच्याकडे आजारी झाडांच्या तक्रारी घेऊन येऊ लागले. पेरूत अळ्या पडतात, डाळिंब तडकतं, लिंबाची पानं पिवळी होतात. प्रत्येकाला वाटतं, कोणीतरी नजर लावली किंवा विकणाऱ्यानं फसवलं. काटेसाहेब सगळं ऐकून घेतात, मग चष्मा खाली सरकवून थेट बघतात आणि विचारतात, "तुम्ही स्वतः काय काय केलंत ते आधी सांगा."

परवा कोपऱ्यावरची शिंपीण कुंडीतल्या लिंबाचं पिवळं पान घेऊन आली. दिवसातून दोनदा पाणी घालते, म्हणाली, एक दिवस चुकवत नाही. काटेसाहेब तिच्या घरी गेले, कुंडी आडवी केली आणि बुडाशी बोट घातलं. पाणी जायचं भोक मातीनं पार बुजलं होतं. त्यांनी काडीनं ते मोकळं केलं, काळं पाणी वाहू दिलं, आणि आठवडाभर पाण्याचा तांब्याच हातात घेऊ नकोस असं बजावून घरी आले.