जाड टाइपाचा संशय

अमीनचाचांना मी छापखान्यातून काढलं, ही माझी चूक. काल नसरापुरात एका दुकानाच्या पाटीवर तशीच जाड, पट्टी-कंपासाने आखल्यासारखी अक्षरं दिसली आणि नाकात एकदम छपाईचे खिळे धुण्याच्या रॉकेलचा वास भरला.

संस्थानी काळात भोरच्या आमच्या छापखान्यात तसल्या अक्षरांचा टाइप नवाच आला होता. नक्षी नाही, बारीक रेघ नाही. कुस्त्यांच्या जाहिराती लांबूनही वाचता यायच्या. आसपास दुसऱ्या कुणाकडे तो नव्हता. त्यामुळे संस्थानाविरुद्धचं पत्रक त्याच अक्षरांत चावडीवर झळकलं, तेव्हा मला खिळे जुळवणाऱ्या चाचांच्या बोटांवरची शाईसुद्धा संशयाची वाटू लागली.

"कुणासाठी छापलंत?" मी दरडावलं.

"मालक, म्या माज्याच पोटावर पाय दीन व्हय?" ते हसले.

ते हसणंही मला लबाड वाटलं. "उद्यापासून येऊ नका."

संध्याकाळी शिपायांनी ते पत्रक मलाच खरवडायला लावलं. पाणी मारताच एकेक अक्षर सुटं होऊन हातात आलं. आमच्याच कुस्तीच्या जाहिरातींतून कुणीतरी ती कात्रीने कापून खळीने चिकटवली होती.

संशयावरून काढलेल्या चाचांना परत बोलावलं, तर शिपाई माझ्यावर डोळा ठेवतील, या भीतीने मी गप्प बसलो. चाचा विंझरला लेकीकडे गेले. आज, कित्येक वर्षांनी, तिथे जाऊन त्यांचे पाय धरले.

"चाचा, तुम्ही छापलं नव्हतं, हे मला त्याच संध्याकाळी कळलं होतं. माफ करा."