मणक्याचं ऑपरेशन नव्हतं

माझ्या मुलीचं मणक्याचं ऑपरेशन झालं असं बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत, विहारात आणि नातेवाइकांत ज्यांना ज्यांना वाटतं, त्यांना ते मीच सांगितलं होतं. ते खोटं आहे. तिने स्तनांचा आकार कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. हे लिहू का, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, "लिहा. पण त्यात 'बिचारी' हा शब्द आला तर बघा." तो येणार नाही. या हकिकतीत कीव करण्यासारखं कोणी नाही, आणि मी तर नाहीच.

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला अधिकारी. माझ्या टिपण्या वरपर्यंत वाचल्या जात. विहारात दर जयंतीला स्त्रियांच्या स्वातंत्र्यावर भाषण ठोकण्याचं काम वर्षानुवर्षं माझ्याकडे आहे. कोणत्या वाक्याला टाळ्या पडतात ते मला पाठ आहे आणि त्या वाक्यानंतर मी पाणी पितो. अशा या वक्त्याला 'स्तन' हा शब्द उच्चारता येत नव्हता. वर्तमानपत्रात कर्करोगाच्या बातमीत तो आला तरी मी पान उलटत असे, आणि याला मी सभ्यपणा समजत असे.

मुलगी चौतीस वर्षांची, खराडीत एका कंपनीत नोकरीला. कॉलेजात असल्यापासून तिची मान दुखायची. मी तेव्हा म्हणायचो, "पुस्तकात वाकून बसतेस." पुढे म्हणू लागलो, "कॉम्प्युटरसमोर वाकून बसतेस." आजार तोच, उपदेशही तोच, फक्त वस्तू बदलली. तिच्या खांद्यांवर ब्राच्या पट्ट्यांनी खोल चरे पाडले होते, उन्हाळ्यात स्तनांखालची कातडी सोलवटून निघायची, झोपेत बोटं बधिर व्हायची. हे सगळं तिच्या आईला माहीत होतं. मला इतकंच दिसायचं की मुलगी ओढणी दोन्ही खांद्यांवरून नीट पसरून घेते. ते माझे संस्कार आहेत असं मी पाहुण्यांना सांगायचो.

व्यायाम, शेक, पट्टे, वजन कमी करणं हे सगळं करून झाल्यावर ती एका प्लास्टिक सर्जन बाईंना भेटून आली आणि जेवताना तिने सरळ विषय काढला.

"पप्पा, मला रिडक्शन करायचंय."

"कसलं?"

"ब्रेस्टचं."

मी वरणाची वाटी पुढे ओढली. माझी बायको म्हणाली, "अहो, ऐकताय ना?"

"ऐकतोय. पण प्लास्टिक सर्जरी नट्या करतात."

"नट्यांची मान दुखत नाही, पप्पा. माझी दुखते."

मग ती मुद्द्याचं बोलली. करायचं की नाही हे तिचं अजून ठरलं नव्हतं. व्रणांचं तिला काही वाटत नव्हतं. लग्न ठरलं नव्हतं, पण करायचं होतं आणि मूल हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, की पुढे बाळाला अंगावर पाजता येईल किंवा येणार नाही, खात्री देता येत नाही. तिथे तिचं अडत होतं. "मला हे कोणाशी तरी बोलायचंय," ती म्हणाली. "आईने मला पाजलं, तिला काय विचारू? जिला जमलं नाही अशा बाईशी बोलायचंय. वाईट वाटतं का, किती दिवस वाटतं, एवढंच."

माझ्या मुलीने माझ्याकडे मागितलेली ही बहुधा सगळ्यात साधी गोष्ट. मी हात धुवायला उठलो.

दोन-चार दिवसांनी जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी भेटले. हे गृहस्थ इतरांच्या घरी येणारी पार्सलंही डोळ्यांनी उघडून बघतात. "मुलगी हॉस्पिटलात दिसली म्हणे. काय विशेष?"

"मणका," मी म्हणालो.

पुण्यात मणका हा शब्द उच्चारायची खोटी असते. सेक्रेटरींचा साडू ऑपरेशननंतर उठलाच नव्हता. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी कुठल्याशा तेलाची बाटली आणून दिली आणि ती कशी चोळायची हे दारातच वाकून दाखवलं. विहारातले एक निवृत्त हेडमास्तर फोनवर म्हणाले, "सर, मणक्याला हात लावू देऊ नका. माणूस कामातून जातो." या माणसाने शाळेत पाठ्यपुस्तक कधी संपवलं नाही, पण मज्जारज्जूची त्याला खडान्‌खडा माहिती. मी सगळ्यांना "हो, हो, विचार चालू आहे" म्हणत राहिलो. आता रोज संध्याकाळी आमच्या घरात माझ्या मुलीच्या धडधाकट मणक्यावर चर्चा होऊ लागली, आणि ती ऑफिसातून आली की पायातले बूट न काढता ते ऐकत उभी राहू लागली.

एकदा पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "मी ज्यांच्याशी बोलू शकले असते त्या प्रत्येक बाईला तुम्ही मणका सांगून ठेवलाय. आता मी काय विचारू? मणका झाल्यावर दूध येतं का?"

बायको हसली. मग तिच्या लक्षात आलं की मुलगी हसत नाहीये.

हॉस्पिटलात तिने तात्पुरती घेऊन ठेवलेली तारीख जवळ आली तसं विहाराच्या मंडळींनी परस्पर ठरवलं की ऑपरेशनआधी घरी परित्राणपाठ करायचा. आमच्याकडे आजारपणात, मोठ्या संकटाआधी भन्तेजींना बोलावून हे करतात. पांढरं सूत सगळ्यांच्या हातातून फिरवतात, पाली सुत्तं म्हणतात, शेवटी ते सूत मनगटाला बांधतात. सुरुवातीला सगळे मिळून पंचशील घेतात. ते सांगण्याचा मान आमच्या विहारात माझा, कारण माझा आवाज भरदार आहे. खोटं बोलण्यापासून दूर राहीन, हे त्यातलं चौथं शील. ते मी हजारो माणसांकडून वदवून घेतलं असेल.

रविवारी सकाळी बैठकीची खोली भरली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला. मुलगी पांढरी साडी नेसून मध्ये बसली होती. भन्तेजी तरुण होते, स्वभावाने मऊ. ते तिला म्हणाले, "ताई, मणक्याचा त्रास फार दिवसांचा आहे का?"

ती म्हणाली, "भन्तेजी, मणका नाहीये."

ती माझ्याकडे बघत नव्हती. समोर बसलेल्या बायकांकडे बघत होती, आणि तिचं पुढचं वाक्य तोंडात तयार होतं.

मी हात जोडले आणि वंदना सुरू केली. भरदार आवाजात. सवयीने सगळ्यांनी मागोमाग धरली, भन्तेजींनाही धरावी लागली. मग मी पंचशील सांगितलं, पाचही, एकही न गाळता. चौथ्या शीलाला माझा आवाज जरासुद्धा हलला नाही, हे मुद्दाम नोंदवतो. पाठ संपेपर्यंत ती डोळे मिटून बसली. मनगटाला सूत बांधून घेतलं. सगळ्यांना चहा दिला. हेडमास्तर जाताना मला म्हणाले, "सर, आज काय लागला होता आवाज!"

संध्याकाळी तिने हॉस्पिटलात फोन करून तारीख रद्द केली.

मला सुटल्यासारखं वाटलं. तेही लिहितो, कारण अर्धवट लिहायचं तर कशाला लिहायचं! मी बायकोला म्हणालोसुद्धा, "बरं झालं, तिलाच पटलं." बायको ओटा पुसत होती. ती म्हणाली, "तिला काय पटलं ते विचारा तरी. मघाशी म्हणत होती, एकटीने ठरवता येतं मला, पण एकटीने ठरवायचं नव्हतं. पप्पांना घरातली गोष्ट घरात बोलता येत नसेल, तर ते मणका धरून मरेपर्यंत बसतील, मी तशीच वाकून चालेन." एवढं बोलून तिने फडकं पिळलं आणि वाळत टाकलं. त्या दिवसापासून घरात माझ्याशी कामापुरतं बोलणं सुरू झालं. पोळी वाढू का, गॅसवाला आला होता का, एवढंच.

शेवटी मी अक्काला फोन केला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, बोपोडीला असते, ऐंशी पार केलेली. ती त्या पाठाला बायकांच्या रांगेत पहिली बसली होती. वाटलं, हिला सांगून बघू, हिला निदान कमी ऐकू येतं.

"अक्का, पोरीचं मणक्याचं नव्हतं."

"मग?"

"छातीचं."

"हृदयाचं?"

"नाही गं. स्तनांचं. ते... कमी करण्याचं."

पलीकडे तिने टीव्हीचा आवाज कमी केला. मग ती म्हणाली, "अरे, आम्हाला ठाऊक आहे."

"कोणाला?"

"सगळ्या बायकांना. आमचे डोळे काय गहाण पडलेत? पोरगी शाळेत होती तेव्हापासून बघतोय. मणक्याचं ऑपरेशन व्हायचं असलेली पोरगी टोपलीभर कांदे चिरत खाली बसते का?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत तिच्याशी?"

"तू झाकलंस ना! बापाने झाकलेलं आम्ही उघडायचं कसं? आम्हाला वाटलं, पोरीलाच लाज वाटते."

म्हणजे माझ्या खोट्याने पुरुष फसले, ज्यांच्याशी तिला काही बोलायचंच नव्हतं. आणि ज्यांच्याशी बोलायचं होतं त्या सगळं ठाऊक असून माझा मान राखत बसल्या. खात्यात असा बंधारा कोणी बांधला असता तर मी त्याला निलंबित केलं असतं.

अक्का दुसऱ्याच दिवशी रिक्षाने आली. माझ्याकडे न बघता मुलीच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी हॉलमध्ये वर्तमानपत्र धरून बसलो. ऐकू कमी येणारी माणसं हळू बोलत नाहीत, त्यामुळे एका बाजूचं सगळं कळत होतं.

"मला दूधच आलं नाही, थोरल्याच्या वेळी. सासू म्हणाली, हिची छाती नुसती दाखवायला आहे. ...हो, रडले ना. पावडरीचा डबा उघडताना रडायचे. ...आता किती दिवस ते कुठे आठवतंय? पोरगं हसायला लागलं तशी रडायची विसरले. ...कोण, थोरला? मेला सहा फुटी झालाय, अजून जेवायला बसला की उठत नाही."

मग मुलीचं हसणं ऐकू आलं. मग रडणं, कोणाचं ते मला कळलं नाही. माझा थोरला भाचा पावडरीच्या दुधावर वाढला हे मला त्या दिवशी कळलं. मी त्याच्या बारशाला पेढे खाऊन आलो होतो.

मुलगी बाहेर आली ती मला सांगायला नव्हे, पाणी न्यायला. जाता जाता म्हणाली, "करतेय मी. उद्या डॉक्टरांना सांगते. नाहीच पाजता आलं तर नाही."

"मी येऊ हॉस्पिटलात?"

"या. पण कोणी विचारलं तर?"

"खरं सांगीन."

"विहारात सांगा," ती म्हणाली. "हॉस्पिटलात सगळ्यांना माहितीच असतं."

ऑपरेशन व्यवस्थित झालं. खांद्यांवरचे चरे अजून आहेत, ते पूर्ण जात नाहीत म्हणे. मी मात्र विहारात काही बोललो नाही. पहिल्या रविवारी माणसं कमी होती, दुसऱ्या रविवारी जास्त होती. तिसऱ्या रविवारी वंदना झाल्यावर मी उभा राहिलो आणि सांगितलं, की मुलीचं मणक्याचं ऑपरेशन झालेलं नाही, तिने स्तनांची शस्त्रक्रिया केली, ती दुखण्यामुळे होती आणि निर्णय तिचा होता. मी तुमच्याशी खोटं बोललो आणि तुमच्यासमोर तिचं तोंड बंद केलं. टाळ्या पडल्या नाहीत. बायकांपैकी दोघींनी मान हलवली. पुरुषांना एकाएकी आपापले मोबाइल आठवले.

बाहेर चपला घालताना हेडमास्तर जवळ आले, खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "ते सगळं ठीक आहे, सर. पण मग मणक्याचं कधी करणार?"

मी त्यांना पुन्हा सांगितलं. तोच शब्द, जरा मोठ्याने. ते खाली वाकून बराच वेळ दुसरी चप्पल शोधत राहिले. ती त्यांच्या पायातच होती.

मुलगी तिथे नव्हती. रविवारी सकाळी ती पोहायला जाते.