कोल्मनला पुस्तकात घातलं तेव्हा

मलाकी टूही सकाळी डेअरीत दूध मोजायचा आणि दुपारनंतर किलशान गावाची टवाळी लिहायचा. त्याच्या तीन कादंबऱ्यांतून पाद्रीबुवांच्या पोटासकट गावातलं काहीही सुटलं नव्हतं. तिन्हींवर सरकारनं बंदी घातली होती. त्यामुळे गावानं त्या वाचल्या नव्हत्या. शिव्या मात्र मन लावून दिल्या होत्या.

वाचल्या होत्या एकट्या कोल्मन हेराटीनं. कोल्मनचा गुत्ता होता. तिथल्या कोपऱ्यात बसून मलाकी रोज गावगप्पा ऐकायचा, त्यावरच त्याचं लिखाण पोसलं जायचं. कोल्मनची तक्रार एकच. "लेका, सगळ्यांना घेतलंस, मीच तुझं काय घोडं मारलंय?"

चौथ्या कादंबरीत मलाकीनं त्याला घेतलं: बिअरमध्ये पाणी घालणारा आणि पापाची कबुली देताना त्यातही पाणी घालणारा गुत्तेवाला. कोल्मन पोट धरून हसला, गिऱ्हाइकांना पानंच्या पानं वाचून दाखवत सुटला. पुढच्याच महिन्यात त्याच्या तोंडावर फोड आले आणि हिवाळ्याच्या तोंडाशी तो गेला. डॉक्टर म्हणाले, रक्त बिघडलं होतं. गावाला डॉक्टरांची गरज नव्हती. पूर्वीचे कवी ज्याची निंदा करत त्याच्या तोंडावर फोड येत आणि तो मरे, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मयताच्या घरी मलाकीला चहा मिळाला. शेजारच्या खुर्च्या तेवढ्या हळूच मागे सरकल्या. कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून गाव त्याच्याशी फार गोड वागू लागलं. तो गुत्त्यात शिरला की सगळे हवापाण्याचं बोलत. पाद्रीबुवाही आधी टोपी काढत. बघता बघता किलशानात त्याला लिहायला औषधालाही मूर्ख उरला नाही. मलाकी घरी बसून कोल्मनवरचं ते प्रकरण पुन्हापुन्हा वाचू लागला. त्यात जीव घेण्यासारखं काही सापडेना. पण वाचणं थांबवताही येईना.

वसंतात कोल्मनची बायको डीलिया दारात उभी राहिली. ही शिव्या देणार या आशेनं मलाकीला जरा हुशारी आली. पण तिचा आवाज अगदी शांत होता.

"मलाकी, पुढच्या पुस्तकात मला घाल."

"खुळ्यासारखं काय बोलतेस? पुस्तकानं माणूस मरतो का कुठं?"

"मग घालायला काय हरकत आहे?"

आख्ख्या गावाची टवाळी करणाऱ्या मलाकीनं टेबलावरचे कागद गोळा करून कपाटात कोंबले. त्यानं पुन्हा लेखणी हातात धरली नाही. रविवारी प्रार्थना सुटली की डीलिया चर्चच्या फाटकाशी त्याच्याकडे बघत थांबायची आणि तो मान खाली घालून डेअरीच्या रस्त्याला लागायचा.

गाव म्हणालं, सुधारला बिचारा.