सोमवारची मांदेली

ओळखीच्या गुरांच्या डॉक्टरांनी ती मांजरी दाखवली तेव्हा मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "घरी विचारून सांगतो." पिवळट पट्ट्यांची, मागच्या पायाला टाके घातलेली. जखम भरेपर्यंत कुणीतरी सांभाळायची, मग पाली गावचं एक कुटुंब तिला कायमची नेणार, असा बेत होता. डॉक्टर मला पुरते ओळखतात. म्हणाले, "विचारू नका, घेऊनच जा. नाही जमलं तर सोमवारी संध्याकाळी परत आणा."

बायकोने खोक्यात डोकावून पाहिलं आणि सरळ नाही म्हणाली.

"अहो, लेक माहेरपणाला येऊन परत गेली की मी कशी होते, ते बघता ना तुम्ही? आता हिचे लाड करायचे आणि पालीला पाठवायचं. मला नाही जमायचं."

"आपण जीव लावायचाच नाही. नुसतं खायला घालायचं."

"वादळात शेवगा पडला तेव्हा दोन दिवस धड जेवला नव्हतात तुम्ही."

शेवग्याचं खरं होतं, म्हणून मी सोमवार संध्याकाळपर्यंतची मुदत तेवढी मागून घेतली.

रविवार सुरमईच्या डोक्यावर निभावला. पण आमच्या घरात सोमवारी मासळी शिजत नाही. बायको लग्न होऊन आली तेव्हापासून सोमवार करते. एकदा तापात मला बांगडा खावासा वाटला, तर मऊ भात आणि लिंबाचं लोणचं पुढे आलं होतं. मांजरीला मी दहीभात दिला. तिने हुंगला. दूधपोळी कुस्करून दिली, तर भिंतीकडे तोंड करून बसली. पोटात काही गेल्याशिवाय औषधाची गोळी द्यायची नव्हती. झालं, संध्याकाळी परत पोचवायची, असं ठरवून मी खोकं शोधायला उठलो.

तेवढ्यात फाटकाशी मासळीवालीचा आवाज आला. सोमवारी ती आमच्याकडे कधी थांबत नाही.

"वहिनी, आज सोमवार ना?"

"पाहुणी आजारी आहे घरात," बायको म्हणाली. "मूठभर मांदेली दे."

स्वयंपाकघर तिने विटाळलं नाही. विहिरीपाशी दोन चिरे मांडून चूल केली, जुन्या पातेल्यात मांदेली उकडली, एकेक काटा काढला. "खा गो बाय, तुला कसला सोमवार?" मांजरीने पातेल्यातच तोंड घातलं. शेवटच्या घासातून गोळीही गेली. मग बायको पुन्हा आंघोळ करून आली आणि देवापाशी दिवा लावला.

मी हळूच विचारलं, "डॉक्टरांना काय सांगू?"

"राहूदे म्हणावं, टाके सुटेपर्यंत." ती केस पुसत होती. "पण पालीला पोचवायला तुम्ही एकट्याने जायचं. मी फाटकापर्यंतसुद्धा येणार नाही."

"जाईन की, त्यात काय," मी म्हणालो. मांजरी मांडीवर झोपली होती, मला उठता येईना, म्हणून फोन तेवढा बायकोलाच आणून द्यायला सांगितला.